कल्याण ते ठाणे, एवढंच लिहायचं

या वेळचं पत्र बदलापूरहून आलंय. थोडं छोटं करून देते.

"ताई, नमस्कार. मी ३९ वर्षांची, बदलापूरला राहते, फोर्टला एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघते. सव्वापाचला उठते, तीन डबे, मुलगा नववीत आहे त्याचं आवरणं, सासूबाईंचं इन्सुलिन, मग आठ-चारची लोकल. घरी यायला पावणेआठ होतात, झोपायला सव्वाअकरा. कॉलेजात असताना कथा लिहायचे, कॉलेजच्या अंकात दोन छापून आल्या होत्या. गेल्या तीन वर्षांत तीनदा ठरवलं की रोज लिहायचं, दर १ जानेवारीला नवी वही आणली, पण १७ दिवसांच्या वर कधी गेलं नाही. मागच्या वर्षी अठराव्या दिवशी मुलाला ताप आला आणि ते सुटलं ते सुटलंच. एकदा पहाटे चारला उठूनही बघितलं, पाचव्या दिवशी ऑफिसात व्हाउचरच्या एन्ट्र्या चुकल्या. मिस्टर म्हणतात ह्यातून काय मिळणारे. आजूबाजूला विषय खूप दिसतात हो, आमच्या डब्यात अंबरनाथला चढणारी एक बाई आठ दिवस आलीच नाही, आम्ही रोज तिची सीट धरून ठेवली, नवव्या दिवशी आली, आम्ही कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. असं काही दिसलं की लिहावंसं वाटतं पण वेळच नाही. मला एकदा दिवाळी अंकात कथा द्यायचीये, एवढीच इच्छा आहे. वेळ कुठून काढू? आणि मोबाईलवर लिहिलेलं खरं लिहिणं असतं का?
आपली, आठ-चारवाली."

प्रिय आठ-चारवाली,

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे, आणि शिवाय आपण दोघी एकाच लाईनच्या. मी २२ वर्षं डोंबिवली ते व्हीटी केलंय (सीएसएमटी नंतर झालं, आमच्या तोंडात व्हीटीच बसलेलं), बँकेत काउंटरवर होते, दोन मुली लहान होत्या आणि त्याच काळात मी कथा लिहायला शिकले, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला तो डबा, ते इंडिकेटरकडे बघत धावणं, सगळं आठवलं आणि उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घे.

आधी ते पहाटे चारचं. ते परत करू नकोस. तू सव्वाअकराला झोपतेस आणि सव्वापाचला उठतेस म्हणजे झोप आत्ताच जेमतेम सहा तास आहे, त्यातला तास काढून घेतलास तर त्याचा हिशोब कुठेतरी चुकणारच, तुझा व्हाउचरमध्ये चुकला, दुसऱ्या एखादीचा गॅसवरच्या दुधात चुकेल. पहाटे उठून लिहिणारे मोठमोठे लोक आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांचे डबे दुसरं कोणीतरी भरत होतं हे लक्षात ठेव. तुझी पहाट आधीच विकली गेलीये. तिच्या मागे लागू नकोस.

आता वेळ कुठून काढू. अगं, वेळ काढायचा म्हटला तर तो कुठेतरी शिल्लक पाहिजे ना, आणि तू जो दिवस लिहून पाठवलायस त्यात मला शिल्लक काही दिसत नाही, खरंच नाही, मी दोनदा वाचला. म्हणून मी तुला वेळ काढायला सांगणारच नाहीये. मी तुला जागा शोधायला सांगणारे. रोजच्या दिवसात आधीपासून असलेली एक अशी जागा, जिथे तुझं शरीर तसंही रोज जातंच, आणि तिथे गेलं की लिहायचं.

आपल्याकडे म्हण आहे बघ, जात्यावर बसलं की ओवी सुचते. ही म्हण आपण फार हलक्यात घेतो, कोणाला कामाला लावायचं असलं की तोंडावर मारतो, पण लिहिण्याच्या सवयीबद्दल एवढं नेमकं मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. विचार कर, त्या बायकांना कुठे होता वेळ? पहाटे अंधारात उठून अख्ख्या घराचं पीठ दळायचं, मग पाणी, मग शेत. टेबल नाही, वही नाही, बहुतेकींना अक्षरओळख नाही. पण खुंट्याला हात लागला की ओवी यायची, कारण काल त्याच जागी आली होती आणि परवाही तिथेच आली होती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर भरल्या! एक लाख ओव्या, आणि त्यातल्या एकाही बाईने 'मला रोजचा एक तास मोकळा द्या' असं म्हटलं नव्हतं, म्हणायची सोयच नव्हती. मी हे त्यांचे हाल गोड करून सांगत नाहीये हं, ते हालच होते, पण त्या हालातसुद्धा त्यांनी एक जागा आपल्या नावावर करून घेतली होती, आणि तीच मला तुझ्यासाठी हवीये. आपल्या बहिणाबाई चौधरी, जळगावजवळच्या आसोद्याच्या, १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांचंही सगळं घरकाम आणि शेतकाम करताकरताच झालं. ते कागदावर उतरवलं दुसऱ्यांनी, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी आणि मावसभावाने, आणि पुस्तक आलं १९५२ ला, म्हणजे त्या गेल्यानंतर. मोबाईलवर लिहिलेलं खरं लिहिणं असतं का हे विचारलंस ना, बहिणाबाईंनी तर लिहिलंच नव्हतं, आणि त्यांच्याइतकं खरं कोणाचं आहे सांग.

तर तुझं जातं कुठलं? मला ते तुझ्या पत्रातच दिसलं, तू सहीसुद्धा त्याच्याच नावाने केलीयेस. आठ-चार.

आता नीट सांगते, कारण इथे मोघम बोलून उपयोग नाही. लोकलमध्ये लिही असं सांगणारे खूप भेटतील, पण ज्यांनी लेडीज डब्यात प्रवास केलाय त्यांना माहितीये की सगळा प्रवास सारखा नसतो. बदलापूर ते कल्याण हा वेळ लिहायचा नाहीच, सीट मिळवणं, पर्स मांडीवर घेणं, ग्रुपमधल्या सगळ्यांना बघणं, काल कोणाकडे काय झालं ते ऐकणं, कोणीतरी मेथीची जुडी काढते, कोणाच्या मोबाईलवर आरती चालू असते, उल्हासनगरला गर्दी घुसते, ह्यात तू डोकं खाली घालून बसलीस तर तुझं तुलाच परकं वाटेल आणि मैत्रिणीही म्हणतील हिला काय झालंय. तिथे बोल, हस, ऐक. कल्याण सुटलं की मात्र फोन काढायचा. कल्याण ते ठाणे. फास्टला ती वीस-बावीस मिनिटं असतात. मुंब्रादेवीचा डोंगर दिसायला लागला की समजायचं आता शेवटची दोन-चार वाक्यं, आणि ठाणे आलं की बंद, अर्धं वाक्य राहिलं असलं तरी बंद. ठाण्यानंतर तू मोकळी, डोळे मिटून पड, गाणी ऐक, 'कुठे उतरणार' म्हणून विचारणारीला उत्तर दे.

हे स्टेशनाचं माप मी मुद्दाम सांगतेय, मिनिटांचं सांगत नाही. मिनिटं आपल्याला ढकलता येतात, पाच मिनिटांनी सुरू करते म्हणता येतं. कल्याण ढकलता येत नाही. कल्याण येणार म्हणजे येणार, आणि महिन्याभरात असं होतं की गाडी कल्याणच्या प्लॅटफॉर्मवरून हलली की हात आपोआप पर्सकडे जातो, माझा दिवा स्टेशनला जायचा, कारण माझी गाडी डोंबिवलीची. रिटायर झाल्यावरसुद्धा एकदा नातेवाईकांकडे जाताना दिवा गेलं आणि माझा हात पर्समधलं पेन शोधत होता. जातं असं काम करतं.

तीन वर्षं तुझं काय चुकलं असं मला वाटतं ते सांगू? रागावू नकोस. तू दरवेळी १ जानेवारी आणि नवी वही घेतलीस, म्हणजे तारीख ठरवली आणि वस्तू आणली, पण रोज कशानंतर लिहायचं ते ठरवलं नाहीस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांना घेऊन एक अभ्यास केला होता, २०१० ला छापून आला, प्रत्येकाने एक छोटी सवय निवडायची, जेवणासोबत एक फळ खाणं वगैरे इतकी साधी, आणि ती रोज एका ठरलेल्या खुणेला जोडायची. सवय अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ च, आणि कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ पर्यंत गेला. ते २१ दिवसांचं जे सगळीकडे ऐकतो ना आपण, ते १९६० च्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकावरून पसरलंय, त्याने पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात असं लिहिलं होतं, सवय लावून घेण्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे १७ दिवसांत तू हरली नव्हतीस, तू रस्त्यात होतीस! आणि त्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही खास फरक पडला नाही. मुलाला ताप आला तो एक दिवस होता गं. वही बंद त्या दिवसाने केली नाही, आता साखळी तुटली असं तू एकोणिसाव्या दिवशी स्वतःला सांगितलंस त्याने केली. ह्यापुढे दिवस मोजूच नकोस. कॅलेंडरवर फुल्या नकोत, ॲप नको. दिवस गेला तर गेला, दुसऱ्या दिवशी कल्याण परत येतंच.

तू अकाउंट्सवाली आहेस म्हणून अजून एक. तुझे काही दिवस आधीच लाल आहेत, ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचं जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला त्याचंच ३बी, आणि आत्ता फेब्रुवारी संपतोय म्हणजे समोर मार्च एंडिंग उभं आहे. त्या दिवसांत डोक्यात आकडे असतात, गाडीतसुद्धा साहेबांचे मेसेज येत असतात, माहितीये मला. तेव्हा कल्याण ते ठाणे फक्त एक वाक्य. खरंच एकच. 'आज ती आली नाही' एवढंसुद्धा चालेल. गणपतीत, मुलाच्या परीक्षेत, घरात कोणी आजारी असताना, एकच वाक्य, आणि ते लिहिल्यावर आज कमीच झालं असं मनात आणायचं नाही.

ह्या एका वाक्याचा आग्रह का धरतेय ते सांगते, कारण खरं म्हणजे मला जे सांगायचंय ते हेच आहे. लिहायला वेळ कमी लागतो, लिहिण्यापाशी परत जायला जास्त लागतो. माझी एक कथा होती, एका मावशींची, त्या आमच्या बँकेत पेन्शन घ्यायला यायच्या आणि प्रत्येक वेळी सही वेगळी करायच्या. निम्मी लिहून झाली होती आणि मग मार्च आला, मग धाकटीच्या कांजिण्या, मग सासरी लग्न, असं करत चार महिने मी त्या कागदांना हात लावला नाही. जुलैत एक अख्खा रविवार मिळाला, घरात कोणी नव्हतं, सकाळी दहाला बसले आणि दुपारी दोनपर्यंत एक ओळ झाली नाही, कारण त्या मावशी मला ओळखतच नव्हत्या. त्या कुठल्या गावच्या, त्यांचा आवाज कसा, त्या कोणावर रागावलेल्या, सगळं मलाच परत विचारायला लागलं. चार तास मोकळे होते आणि ते नुसते ओळख काढण्यात गेले! ती कथा राहिली ती राहिलीच, मला अजून वाईट वाटतं. त्यानंतर मी ठरवलं की रोज भेटायचं, उभ्याउभ्या का होईना. शेजारणीशी जसं रोज दारातून दोन शब्द बोलत राहिलं की ओळख ताजी राहते, तसं. रोज वीस मिनिटं लिहिणाऱ्या बाईला महिन्यातून एक दिवस लिहिणाऱ्या बाईपेक्षा कमी तास मिळतील कदाचित, पण तिला परत जायचा खर्च पडत नाही. तुला वाटतं तुझ्याकडे मोठा वेळ नाही म्हणून तू लिहीत नाहीस. मला वाटतं मोठ्या वेळाची वाट बघताना तुझी माणसं थंड होऊन जातात.

म्हणूनच ठाण्याला अर्धं वाक्य सोड म्हटलं. पूर्ण करून उठलीस तर उद्या कल्याणला कोरं पान समोर येईल. अर्धं सोडलंस तर दिवसभर, व्हाउचर टाकताना, परतीच्या गाडीत उभी असताना, रात्री कणीक मळताना ते वाक्य तुझ्या डोक्यात कुरकुरत राहील आणि उद्या त्याला पूर्ण करण्यापासून सुरुवात. आणि हो, परतीच्या गाडीत लिहायचं नाही. संध्याकाळी तू थकलेली असतेस, सीट मिळेल न मिळेल, त्या वेळी फक्त ऐकायचं. बायका संध्याकाळच्या गाडीत जे बोलतात ते सकाळी बोलत नाहीत, तुला माहितीच आहे.

लिहायचं काय रोज, तर डायरी नको. 'आज खूप दमले' ह्याने आपल्याला बरं वाटतं पण कथा पुढे जात नाही, आणि वीस मिनिटांत दोन्ही होत नाही. एका वेळी एकच कथा घे आणि तिच्यातला एकच तुकडा, कोण कुठे बसलंय, हातात काय आहे, कोण काय बोललं. बोलणं लिहिताना जसं ऐकलंस तसंच लिही, अंबरनाथची बाई पुण्याच्या प्राध्यापिकेसारखी बोलायला नको. सुचलं नाही तर कालची शेवटची तीन वाक्यं परत टाईप कर, जशीच्या तशी, तिसऱ्या वाक्यापर्यंत हात गरम होतो. मागे जाऊन दुरुस्त्या करायच्या नाहीत, र्‍हस्व-दीर्घ बघायचं नाही, ते सगळं नंतर.

मोबाईलचं थोडक्यात. जीबोर्डवर मराठी टाकून घे, इंग्रजी अक्षरं दाबून देवनागरी येतं ते जमत असेल तर तसं, नाहीतर मराठी की-बोर्ड, आठवड्यात सरावतो. बोलून टाईप करायचीही सोय आहे, गाडीत आवाजामुळे जमणार नाही पण स्टेशनवरून घरी चालत जात असशील तर तेव्हा वापरून बघ. लिहायचं ते गुगल डॉक्समध्ये आणि फाईल ऑफलाईन चालेल अशी करून ठेव, नेट गेलं तरी अडत नाही, आणि नेट आलं की वर जाऊन बसतं. ही गोष्ट मनावर घे, कारण मी एकदा कागदांची पिशवी गाडीत विसरले, अडीच महिन्यांचं काम होतं, परत मिळाली नाही. आणि कल्याण ते ठाणे व्हॉट्सॲपचे आवाज बंद. ग्रुपमधल्या दोघी-तिघींना सांगून टाक की मी ह्या वेळात लिहीत असते, चोरून लिहू नकोस, चार दिवस चिडवतील आणि मग त्याच नव्या बाईला सांगतील, ए तिला डिस्टर्ब करू नको, ठाण्यापर्यंत लिहिते ती.

आता घरातलं, आणि हे मला जरा अवघड वाटतं लिहायला कारण मी तुमचं घर बघितलेलं नाही. मिस्टर म्हणतात ह्यातून काय मिळणारे. पैशांबद्दल विचारत असतील तर खरं उत्तर देऊन टाक, दिवाळी अंकाचं मानधन असलं तर थोडंसं असतं, काही ठिकाणी नुसता अंकच घरी येतो. पण त्यांना हेही सांग की मला लिहायचंय. एवढंच वाक्य, 'मला लिहायचंय', पुढे कारण न जोडता. आपण बायका प्रत्येक गोष्टीला कारण जोडतो, मुलाच्या मराठीला उपयोग होईल, डोकं शांत राहतं, आणि मग ते कारण कोणीतरी खोडून काढतं आणि गोष्टच जाते. कारणच दिलं नाही तर खोडणार काय? आणि त्यांच्याकडून एक गोष्ट माग, रविवारची ४५ मिनिटं. दुपारी जेवणानंतर वगैरे, तुमच्या घरात जे शक्य असेल ते, त्या वेळात सासूबाईंना काय हवं-नको ते आणि दाराची बेल त्यांच्याकडे. हे उपकार म्हणून मागू नकोस, घरातल्या कामाची वाटणी म्हणून माग. मुलगा नववीत आहे, चहा करता येत नसेल तर शिकव, त्याच्याही कामाचं आहे.

त्या ४५ मिनिटांत नवीन लिहायचं नाही. आठवड्याचं सगळं एकदा वाचायचं, नको ते काढायचं, जे तुटक आहे ते जोडायचं, आणि सोमवारी कल्याणला कुठून सुरू करायचं ते एका ओळीत लिहून ठेवायचं. गाडीत पीठ पाडायचं, रविवारी चाळायचं.

हिशोब करून बघू, तुझ्याच भाषेत. मोबाईलवर वीस मिनिटांत शंभर-सव्वाशे शब्द होतात, सुरुवातीला साठ-सत्तर झाले तरी हरकत नाही. पाच दिवसांचे साधारण ५००. दिवाळी अंकातली कथा अडीच-तीन हजार शब्दांची धरू. म्हणजे सहा आठवड्यांत कच्चा खर्डा. मार्च तुझा जवळजवळ जाणार, तो फक्त एकेका वाक्याचा धर, पण तो सोडू नकोस, त्यातच कल्याणची सवय लागेल. एप्रिल आणि अर्धा मे खर्डा. मग पंधरा दिवस ती फाईल उघडायचीच नाही, मुलाच्या सुट्ट्या असतील, गावाला जाऊन ये, आणि गाडीत दुसरंच काहीतरी खरडत रहा. जूनमध्ये परत काढ, तेव्हा तुलाच दिसेल कुठे लांबलंय आणि कुठे तू घाईने पळालीस. बरेच अंक साहित्य साधारण जून-जुलैत मागवतात, काही ऑगस्टपर्यंत घेतात, गेल्या वर्षीचा अंक घेऊन त्यात पत्ता आणि मेल बघ, तो अंक कशा प्रकारच्या कथा छापतो तेही वाच, नुसतं सगळीकडे पाठवू नकोस. आपल्याकडे १९०९ ला काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा आहे आणि अजूनही दरवर्षी नवीन नावं त्यात येतातच. या वर्षी नाही लागली तर तीच कथा सुधारून पुढच्या वर्षी, आणि तोपर्यंत दुसरी तयार असेल कारण कल्याण काही थांबत नाही.

पाठवण्याआधी एकाच माणसाला दाखव. एकाच. फेसबुकवर रोजचा तुकडा टाकू नकोस, लाईक आले तरी घात आणि नाही आले तरी घात, दोन्हीने आपण कथेकडे बघायचं सोडून लोकांकडे बघायला लागतो. मिस्टरांना पहिलं वाचायला देऊ नकोस असं माझं मत आहे, छापून आल्यावर दे. कॉलेजातली एखादी वाचणारी मैत्रीण असेल तर तिला दे आणि तिला फक्त एक विचार, तुझं लक्ष कुठे उडालं?

राहता राहिली कथा. विषय खूप दिसतात म्हणालीस आणि मग सहज ती अंबरनाथची बाई सांगून गेलीस. अगं, मी ते वाक्य वाचून थांबले. आठ दिवस एका गर्दीच्या डब्यात, जिथे तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटसाठी लोक भांडतात, तिथे चार-पाच बायका एका न येणाऱ्या बाईची जागा धरून ठेवतात, अंबरनाथला रोज कोणीतरी चढणारी विचारत असणार, इथे कोणी आहे का, आणि तुम्ही रोज हो म्हणत होतात. कोण म्हणायचं हो? पर्स कोणाची असायची त्या सीटवर, की रुमाल? पाचव्या दिवशी कोणाच्या मनात आलं असेल ना की आता पुरे. आणि नवव्या दिवशी ती आल्यावर तुम्ही विचारलं का नाही, ते भीतीने की मायेने?

त्या बाईचं खरं नाव, खरं घर, खरं कारण काही घ्यायचं नाही हं, तिने तुम्हाला सांगितलं नाही म्हणजे ते तिचं आहे. तुझ्या कथेतली बाई दुसरी, तिचं स्टेशनसुद्धा बदल. पण ती रिकामी सीट तुझी आहे, ती तू धरून ठेवली होतीस.

सोमवारी कल्याण सुटलं की पहिलं वाक्य त्या सीटबद्दल लिही. कथा पूर्ण झाली की मला पाठव, सदरासाठी नको, माझ्यासाठी पाठव. ती आठ दिवस कुठे होती हे मला कळायला हवंय.

तुझी,
ताई